केर्बेरॉसचा ॲडमिन सर्व्हर : सर्व्हरवर बसून चालते, नेटवर्कवरून "कम्युनिकेशन फेल्युअर"

हिंगणारोड_लॅब

नमस्कार मंडळी, नागपुरात हिंगणा रोडवर एका कॉलेजची लॅब सांभाळतो, दोन मजल्यांवर मिळून ६० मशीन आहेत, सगळ्या उबुंटू. आतापर्यंत प्रत्येक मशीनवर वेगळं खातं होतं, पोरगा आज खालच्या लॅबमध्ये बसला आणि उद्या वरच्या, की पासवर्ड चालत नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी अर्धा तास माझ्या टेबलापाशी रांग. म्हणून ठरवलं की एकदाचं केर्बेरॉस (नेटवर्कवर एका जागी ओळख तपासणारी व्यवस्था) लावून टाकू, एक पासवर्ड, सगळीकडे चालला पाहिजे.

केडीसी, म्हणजे केर्बेरॉसचा तिकिटं देणारा सर्व्हर, उभा झाला. डेटाबेस बनवला "केडीबी५_युटिल क्रिएट" नी, मागे एस लावून, म्हणजे मास्टर पासवर्डपासून बनलेली मास्टर की साठवणारी स्टॅश फाइल पण बनली. क्लायंटवर केइनिट मारलं की तिकीट (पासवर्ड पटल्याचा तात्पुरता पुरावा) येते, केलिस्टमध्ये दिसते. सर्व्हरवर रूट होऊन "केॲडमिन डॉट लोकल" (खाती सांभाळायची कमांड) उघडलं की मस्त चालते, माझं नाव स्लॅश ॲडमिन असं प्रिन्सिपल (केर्बेरॉसमधलं खातं) पण त्याच्यातूनच बनवलं.

पण माझ्या टेबलावरच्या मशीनवरून नुसतं "केॲडमिन" मारलं की पासवर्ड विचारते आणि मग "कम्युनिकेशन फेल्युअर विथ सर्व्हर" म्हणून बंद. तीन दिवस झाले याच्यातच अडकून राहिलो. पासवर्ड चारदा बदलला, प्रिन्सिपल डिलीट करून परत बनवलं. काहून होऊन राहिलं समजत नाही. दर वेळी एक पासवर्ड बदलायला सर्व्हर रूममध्ये जावं लागते, आणि तिथला कूलर बंद आहे, मे महिन्यात तिथे दहा मिनिटं उभं राहणं होत नाही.

फोनवरून मराठीत टाइप करून राहिलो म्हणून कमांड मराठीतच लिहिल्या, समजून घ्या.

पोर्टवाला

फायरवॉल पाह्य भाऊ. केडीसीचा पोर्ट ८८, ॲडमिन सर्व्हरचा ७४९, पासवर्ड बदलायचा ४६४. बहुतेक लोकं ८८ उघडतात आणि बाकीचे दोन विसरतात. क्लायंटच्या केआरबी५ डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये रिअल्मच्या (आपल्या केर्बेरॉस क्षेत्राच्या नावाच्या) खाली ॲडमिन_सर्व्हरची ओळ आहे ना? नुसती केडीसीची ओळ असून चालत नाही.

हिंगणारोड_लॅब

ॲडमिन_सर्व्हरची ओळ आहे, नाव बरोबर आहे, पिंग जाते. फायरवॉलमध्ये खरंच फक्त ८८ होता, ७४९ टीसीपी आणि ४६४ टीसीपी-यूडीपी दोन्ही उघडले. तरी तेच.

धरमपेठ_सिसॲडमिन

पासवर्ड बदलणं आधी थांबवा, तुमचा पासवर्ड बरोबरच आहे. केॲडमिन पहिले केडीसीकडे जाऊन तिकीट आणते, पासवर्ड चुकला असता तर तिथेच अडलं असतं. तुमचं गाडं पुढे ॲडमिन सर्व्हरशी बोलताना अडतंय.

केडीसी आणि ॲडमिन सर्व्हर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, एकाच मशीनवर असले तरी. केडीसी तिकिटं देतो. डेटाबेसमध्ये नवं नाव घालणं, पासवर्ड बदलणं, हे नेटवर्कवरून करायचं तर केॲडमिनडी हा दुसरा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालू असावा लागतो. आणि "केॲडमिन डॉट लोकल" या दोघांनाही विचारत नाही, ते सरळ डेटाबेसची फाइल उघडते, म्हणूनच रूट लागतं. त्यामुळे लोकल चालते यावरून ॲडमिन सर्व्हर जिवंत आहे की नाही हे काहीच कळत नाही. तुम्ही तीन दिवस तिथेच फसलात, मीही पहिल्यांदा लावलं तेव्हा तिथेच फसले होते.

सर्व्हरवर "एसएस" कमांडने ७४९ वर कोणी ऐकतंय का बघा. मला वाटतं कोणीच नसेल. मग सिस्टमसीटीएलने केआरबी५-ॲडमिन-सर्व्हरचं स्टेटस काढा आणि लॉगमधली शेवटची ओळ जशीच्या तशी इथे टाका.

हिंगणारोड_लॅब

ताई, तुम्ही म्हणाल्या तसंच निघालं. ७४९ वर कोणीच नाही. स्टेटस फेल्ड दाखवते. लॉगमध्ये असं आहे : कॅनॉट ओपन, ईटीसी, केआरबी५केडीसी, केएडीएम५ डॉट एसीएल, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, व्हाइल इनिशियलायझिंग ॲक्सेस कंट्रोल, ॲबॉर्टिंग.

ही एसीएल फाइल, म्हणजे कोणाला काय अधिकार त्याची यादी, मी बनवलीच नव्हती. मला वाटलं पॅकेजसोबत येत असेल.

धरमपेठ_सिसॲडमिन

डेबियन-उबुंटूवर ती फाइल "केआरबी५_न्यूरिअल्म" नावाची स्क्रिप्ट बनवते. तुम्ही डेटाबेस थेट केडीबी५_युटिलनं बनवला, ती स्क्रिप्ट चाललीच नाही, म्हणून फाइल नाही, आणि फाइल नाही म्हणून केॲडमिनडी उठायलाच तयार नाही. आता स्क्रिप्ट चालवू नका, डेटाबेस आधीच आहे, फाइल हातानं बनवा.

एक ओळ पुरे : स्टार स्लॅश ॲडमिन, ॲट, तुमचा रिअल्म कॅपिटलमध्ये, मग जागा सोडून स्टार. म्हणजे ज्याच्या नावापुढे स्लॅश ॲडमिन आहे त्याला सगळे अधिकार. सेव्ह करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. ही फाइल बदलली की प्रत्येक वेळी रीस्टार्ट लागतो.

हिंगणारोड_लॅब

चाललं!! टेबलावरून लिस्टप्रिन्क्स मारलं आणि सगळ्या खात्यांची यादी आली. खूप खूप आभार ताई, पोर्टवाले भाऊ तुमचे पण.

आता दुसरं. माझ्याकडे दोन लॅब असिस्टंट आहेत. पोरांचे पासवर्ड विसरणं रोजचं आहे, ते काम त्यांनी करावं असं वाटते. त्यांना पण स्लॅश ॲडमिनचं प्रिन्सिपल बनवून दिलं आणि एसीएलमध्ये खाली त्यांच्या नावाची वेगळी ओळ टाकली, अधिकार फक्त सी आणि आय. बरोबर आहे ना?

धरमपेठ_सिसॲडमिन

नाही, आणि हे आजच्या आज बदला. फाइल वरून खाली वाचली जाते, जी ओळ पहिले जुळली ती लागू, पुढचं वाचत नाही. त्यांची नावं स्लॅश ॲडमिन आहेत म्हणजे तुमच्या पहिल्याच ओळीत ती जुळतात. या क्षणी त्या दोघांना सगळं डिलीट करायचे अधिकार आहेत.

त्यांची ओळ वर नेली तरी भागत नाही. त्या ओळीत टार्गेट लिहिलं, म्हणजे कोणाच्या खात्यावर हे अधिकार चालतील ते, तर त्या टार्गेटमध्ये न बसणाऱ्या खात्यांसाठी सर्व्हर पुढच्या ओळीवर जातो. तिथे स्टार स्लॅश ॲडमिन उभीच आहे. म्हणजे पोरांच्या खात्यावर हात बांधलेले, आणि तुमच्या खात्यावर मोकळे.

सरळ उपाय, त्यांना स्लॅश ॲडमिन देऊच नका. स्लॅश लॅब असं प्रिन्सिपल बनवा आणि एसीएलमध्ये ओळ लिहा : स्टार स्लॅश लॅब ॲट रिअल्म, मग सीआय, मग तिसऱ्या खान्यात स्टार ॲट रिअल्म. सी म्हणजे पासवर्ड बदलणं, आय म्हणजे माहिती बघणं. तिसऱ्या खान्यातल्या स्टार ॲट रिअल्ममध्ये फक्त एका तुकड्याची नावं बसतात, म्हणजे पोरांची साधी खाती. तुमचं नाव-स्लॅश-ॲडमिन दोन तुकड्यांचं आहे, ते त्यात येत नाही, त्यामुळे तुमच्या ॲडमिन पासवर्डला ते हात लावू शकणार नाहीत. तिसऱ्या खान्यात ॲट रिअल्म न लिहिता नुसता स्टार टाकला तर मात्र सगळेच आत येतात, तेवढं जपा. तुमचं स्वतःचं साधं खातंही एका तुकड्याचंच आहे, म्हणून त्याचा आणि ॲडमिनचा पासवर्ड एकच ठेवू नका.

आधी बनवलेली दोन्ही स्लॅश ॲडमिन खाती डिलीट करायला विसरू नका.

हिंगणारोड_लॅब

केलं ताई. डिलीट करून स्लॅश लॅब बनवले, एका असिस्टंटला समोर बसवून माझा ॲडमिन पासवर्ड बदलायला लावला, "ऑपरेशन रिक्वायर्स चेंज-पासवर्ड प्रिव्हिलेज" आलं. एका पोराचा बदलून पाहिला, लगेच झाला. खूप बरं वाटलं.

फक्त वरच्या लॅबमधल्या दोन मशीनवर अजून केइनिटच होत नाही, "क्लॉक स्क्यू टू ग्रेट" येते. टाइम हातानं लावला की चालते, दुसऱ्या दिवशी परत तेच.

पोर्टवाला

हाव, त्या मशीनच्या बोर्डावरचा घड्याळाचा सेल गेला आहे भाऊ. केर्बेरॉसमध्ये घड्याळात ५ मिनिटांवर फरक पडला की तिकीट नाही, आणि ही अट मुद्दाम आहे, कोणी जुनं तिकीट पकडून परत वापरू नये म्हणून. तुमच्याकडे रात्री मेन स्विच पाडत असतील, किंवा उन्हाळ्यात लाइट जाते, सेल मेलेला असला की बोर्ड तारीख विसरतो. सीआर२०३२ सेल घेजो, सीताबर्डीत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. आणि सेल टाकून थांबू नको, सगळ्या ६० मशीनवर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) लाव आणि केडीसीलाच लॅबचा टाइम सर्व्हर कर. इंटरनेट गेलं तरी सगळ्यांची वेळ आपसात जुळलेली राहते, आणि याला तेवढंच लागते.

धरमपेठ_सिसॲडमिन

बॅकअपचं अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी एका ठिकाणी काम हातात घेतलं तेव्हा आधीचा माणूस सोडून गेलेला होता, मास्टर पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, आणि डिस्क आवाज करत होती. डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली कॉपी) होता, पण डंपमधल्या किल्ल्या मास्टर कीनं बंद केलेल्या असतात, नुसता डंप घेऊन काही उघडत नाही. स्टॅश फाइल त्या डिस्कवर शाबूत होती म्हणून वाचलो, नाहीतर चारशेच्या वर लोकांना रांगेत उभं करून नवे पासवर्ड द्यावे लागले असते.

तर केडीबी५_युटिल डंप रोज रात्री आपोआप घेतला जाईल असा क्रॉनमध्ये टाका, दुसऱ्या मशीनवर. स्टॅश फाइलची कॉपी वेगळ्या जागी, डंपच्या सोबत कधीच नाही, कारण दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागले की सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्या हातात.

हिंगणारोड_लॅब

डंप क्रॉनमध्ये टाकला, रात्री दोन वाजताचा. स्टॅश फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मास्टर पासवर्डच्या चिठ्ठीसोबत पाकिटात बंद केली, प्राचार्यांच्या कपाटात ठेवली आणि रजिस्टरमध्ये नोंद करून सही घेतली. सेल उद्या आणतो.