पेल्याला ‘घाम येतो’ म्हटलेले चालेल का?

टिपूस: मुलांसाठी घरी करायच्या प्रयोगांचे टिपण लिहिते आहे. कोरडा स्टीलचा पेला, त्यात बर्फ आणि पाणी. थोड्या वेळाने बाहेरून थेंब दिसतात. मी लिहिले, ‘पेल्याला घाम आला’. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘पृष्ठभागावर बाष्पाचे संघनन झाले’ असे केले. घाम खरेच चूक आहे का?

अनुस्वार: बाईंचे बरोबर आहे. घाम आतून बाहेर येतो, त्यामुळे पाणी पेल्यातून पाझरले असेच मुलाला वाटणार. माझ्या मुलीला तसेच वाटले होते. पाण्यात लाल रंग कालवला आणि थेंब बिनरंगी निघाले, तेव्हा कुठे पटले.

खडूफळा: आम्ही ‘सांद्रीभवन’ शिकलो. संघनन काय, सांद्रीभवन काय, मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ‘थेंब धरले’ लिहा. दुधावर साय धरते, तसे.

टिपूस: ‘धरले’ फार आवडले! पण पुढे ‘हवेतला ओलावा’ होते, त्याचीही ‘आर्द्रता’ झाली आहे.

अनुस्वार: व्हायलाच हवी. आर्द्रता मोजता येते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, १० अंशांना साधारण ९ ग्रॅमच. पेल्यालगतची हवा गार झाली की जास्तीचे पाणी होऊन बसते. ‘ओलावा ६० टक्के’ कोण म्हणते?

जुनीवही: अहो, ‘ओला’ हा ‘आर्द्र’चाच वंशज आहे! आर्द्र, प्राकृतात ओल्ल, मग ओला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात हे रूप आहे. बाष्प, बप्फ, वाफ हेही तसेच. त्यातही गंमत अशी की बाष्पाचा अर्थ अश्रू असेल, तर तो ‘बाह’ हे वेगळे रूप देतो. घरच्याच लेकरांना अशुद्ध कशाला ठरवायचे?

अनुस्वार: मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. वाफ म्हणजे लोकांना पातेल्यावरचा पांढरा धूर. ते तर बारीक थेंब असतात. बाष्प दिसतच नाही. आणि मूळच बघायचे तर घाम ‘घर्म’वरून आला, म्हणजे उष्णता. गार पेल्याला घाम कसा?

जुनीवही: आत्ताच म्हणालात ना, मुळावरून अर्थ ठरत नाही? मग हा नियम घामालाही लावा.

खडूफळा: मला त्याहून ‘दवबिंदू’ छळतो. बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान म्हणजे दवबिंदू, पण मुलांना तो थेंबच वाटतो. ‘पेल्यावर किती दवबिंदू मोजायचे?’ असे वर्गात विचारतात, आणि मराठी म्हणून त्यांचे चूक नाही.

जुनीवही: ‘दवांक’ म्हणा. गोठणांक, उत्कलनांक आहेतच की.

अनुस्वार: छापील पुस्तकांत दवबिंदू रुळला आहे, आता बदलून गोंधळच वाढेल.

टिपूस: आणि माझा पेला?