स्मारकावर गार्ड म्हणून उभं राहायचंय, चक्कर आणि डोळ्यातलं पाणी... मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एनसीसीची कॅडेट आहे, थर्ड इयर. १६ डिसेंबरला विजय दिवस, १९७१ च्या युद्धातल्या जवानांना मानवंदना असते, तेव्हा स्मारकाच्या चार कोपऱ्यांवर चौघं शोक शस्त्रमध्ये उभे राहतात त्यात या वेळी माझं नाव लागलंय. रायफल उलटी, नळी बुटावर टेकवलेली, हात बटवर आणि मान खाली. पुष्पचक्रं वाहून होईपर्यंत हलायचं नाही.

रिहर्सलला वीसेक मिनिटांनी कानात गुंगुं व्हायला लागलं, डोळ्यांपुढे काळं आलं आणि मला बाहेर काढावं लागलं. फार वाईट वाटलं. अमेरिकेत आर्लिंग्टनला अनामिक सैनिकाच्या समाधीवर १९३७ पासून चोवीस तास पहारा आहे त्याचे व्हिडिओ बघितले, पण तिथला गार्ड २१ पावलं चालतो, २१ सेकंद थांबतो, परत चालतो, म्हणजे पाय तरी हलतात ना. आमचं तसं नाही.

दुसरं म्हणजे मागच्या वर्षी मी नुसती रांगेत होते तर एक वीरमाता आल्या आणि दगडावर कोरलेल्या मुलाच्या नावावरून बोट फिरवत बसल्या. मला रडूच आवरेना. या वेळी त्या माझ्यापासून दोन हातांवर असतील. काय करू?

---

पोरी, आधी अभिनंदन. मी फौजेत असताना ही ड्युटी केलीय. तुझे गुडघे ताठ लॉक होत असणार, बघ. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं, मग चक्कर. गुडघा किंचित सैल ठेव, बाहेरून दिसत नाही, आणि बुटाच्या आत बोटं आवळत सोडत राहा, पोटरी पण घट्ट कर सैल कर. आदल्या दिवसापासून पाणी नीट पी, उपाशीपोटी तर अजिबात जाऊ नकोस. रोज पाच-पाच मिनिटं वाढव. तरीही अंधारी आलीच तर ताणून धरू नको, शेजारच्याला हळू आवाजात सांग, रायफलसकट पडलीस तर लागेल.

रडण्याचं म्हणशील तर पाणी आलं तर येऊ दे. पुसायला हात नेऊ नको फक्त. मान खालीच असते, आणि त्या माऊलीला दिसलं तरी चालेल गं.

---

थँक्यू काका. बोटांचं आत्ताच करून बघितलं, खरंच कळत नाही बाहेरून. उद्या पंचवीस मिनिटं ट्राय करते.