आगरी पात्राच्या तोंडी ‘भडव्या’ लिहायचं की ‘भरव्या’?

पडद्यामागे: एकांकिकेत भांडणाचा प्रवेश आहे. घणसोली गावठाणातला आगरी, ठाण्यात वाढलेला मालवणी आणि ऐरोलीत भाड्याने राहणारा अकोलेकर. शिव्या प्रमाण मराठीत लिहिल्या की तिघं एकाच आईची पोरं वाटतात. उच्चाराप्रमाणे लिहिताना नेमकं काय बदलू?

खाडीकाठ: आगरीला तीन बदल पुरतात. ळ चा ल, ण चा न आणि शब्दाच्या मधल्या सुट्या ड चा र. येडा–येरा, भडव्या–भरव्या, काळतोंड्या–कालतोंड्या. यातल्या ‘तोंड’ला हात लावू नका, अनुस्वारापुढचा ड तसाच राहतो. शब्दाच्या सुरुवातीचाही: डोळा–डोला, ‘रोला’ नव्हे. फाइंड-रिप्लेस मारून सगळे ड उडवले की नेमकी इथे फजिती होते. आणि ‘भरव्या’ पहिल्या वाचनात नट घास भरवल्यासारखं वाचतो. म्हणून आधी हाक घाला: ‘ए भरव्या’.

तळकोकण: मालवणीत अक्षरांपेक्षा प्रत्यय बघा. घो म्हणजे नवरा; ‘आवशीचो घो’ म्हणजे शब्दशः आईचा नवरा, बापच की! पुल्लिंगी प्रत्यय -चो. ‘आयचा घो’ हे अर्धं प्रमाण रूप 2010 च्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ या सिनेमामुळे सगळ्यांच्या तोंडी बसलंय, पण तुमच्या मालवणी पात्राला ते शोभणार नाही. तसंच ‘तोंडावर’ नाही, ‘तोंडार’.

पडद्यामागे: आणि अकोलेकर? शिवाय ‘च्यायला’ तिघांनाही दिलंय, ते वेगवेगळं करू का?

वऱ्हाडी ठेचा: वऱ्हाडीत ळ चा य. तुमचा कालतोंड्या आमच्याकडे ‘कायतोंड्या’. पण मोडतोड करण्यापेक्षा आमचे शब्दच घ्या ना: बह्याड, बैताड (दोन्ही म्हणजे येडा), आणि वाक्याला ‘रे’ऐवजी ‘बे’. ‘काहून बे बह्याडा’ एवढ्यात माणूस उभा राहतो.

खाडीकाठ: ‘च्यायला’ राहू द्या. ‘-च्या आईला’ झिजून झालेलं ते रूप सगळीकडे चालतं. एका वाक्यात एखादीच शिवी उच्चाराप्रमाणे लिहा, बाकी बोली क्रियापदांतून येऊ द्या. नाहीतर नट अडखळतो. फोनवर टाइप करत असाल तर ही रूपं कीबोर्डच्या शब्दकोशात आधी घाला, नाहीतर ‘पानी’चं परत ‘पाणी’ होतं.

तळकोकण: आणि र लिहिला म्हणून शिवी लपत नाही हो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) जाईल, तिथेही आगरी कळणारे असतीलच.