आपल्या ओढीला कोणता शब्द लागू पडला? (अनुभव)

आपल्याला कोणाविषयी आणि कशा प्रकारची ओढ वाटते हे सांगताना तुम्ही कोणता शब्द वापरता, तो कोठून मिळाला आणि तो पुरतो का, एवढेच मी अनेकांना विचारले होते. नाव लिहू नये, गाव आणि वय पुरेसे आहे, अशी विनंती केली होती. 'होमोसेक्शुअल' हा शब्द १८६९ मध्ये हंगेरियन लेखक कार्ल मारिया कर्टबेनी यांनी एका निनावी जर्मन पत्रकात छापला, तो पुरुषांमधील संबंधांना शिक्षा करणाऱ्या प्रशियाच्या कायद्याला विरोध करण्यासाठी. माणसाच्या बाजूने बोलण्यासाठी घडवलेला हा शब्द पुढे वैद्यकाने आजाराचे नाव म्हणून वापरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतून समलैंगिकता बाहेर पडायला १९९० साल उजाडले. म्हणून शब्दाबरोबरच तो कोणी, कशासाठी वापरला, हेही लिहावे असे मी सुचवले होते. आलेली उत्तरे पुढे देत आहे.

पुणे, वय ३४, स्त्री

महाविद्यालयात एका मैत्रिणीविषयी मला जे वाटत होते त्याला मी तीन वर्षे 'जिवाभावाची मैत्री' म्हणत राहिले, कारण तिच्या आधी मला एक मुलगा आवडला होता आणि जिला मुलगा आवडतो तिला मुलगी आवडूच शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे 'उभयलिंगी' हा शब्द वाचनात आला आणि तो मी स्वतःला लावला. परंतु शाळेत आपण सर्वांनी गांडूळ उभयलिंगी असते असे शिकलेले आहे, म्हणजे एकाच शरीरात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये. एका समुपदेशकांना मी 'मी उभयलिंगी आहे' असे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या शारीरिक तपासण्या कधी झाल्या हे विचारले, आणि त्या भेटीचा अर्धा वेळ मी कोणाकडे ओढली जाते याऐवजी माझे शरीर कसे आहे हेच सांगण्यात गेला. तेव्हापासून मी 'उभयकामी' म्हणते, आणि समोरच्याला तो शब्द अवघड गेला तर सरळ 'बायसेक्शुअल'.

लग्नानंतर नवऱ्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग मी तुला पुरत नाही का?" त्याच्या प्रश्नात राग नव्हता, भीती होती, आणि मला उत्तर देता येत नव्हते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ मध्ये मांडलेला तक्ता त्या वेळी माझ्या कामी आला. त्यात आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन, कल्पना, भावनिक जवळीक, सामाजिक वावर, जीवनशैली आणि स्वतःला दिलेली ओळख अशा सात ओळी असतात, प्रत्येकीपुढे भूतकाळ, वर्तमानकाळ आणि मनातला आदर्श असे तीन रकाने, आणि प्रत्येक चौकटीत १ ते ७ मधला एक आकडा लिहायचा; १ म्हणजे केवळ भिन्नलिंगी, ७ म्हणजे केवळ समलिंगी, ४ म्हणजे दोन्ही सारखेच. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी आपापल्या एकवीस चौकटी भरल्या. माझ्या आकर्षणाच्या ओळीत ४ होता आणि वर्तनाच्या ओळीत, वर्तमानकाळाखाली, १. ओढ वाटणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन वेगळ्या ओळी आहेत, हे त्याने कागदावर पाहिले. माझ्या शंभर स्पष्टीकरणांनी जे झाले नव्हते ते त्या दोन आकड्यांनी झाले. त्याच्या स्वतःच्या एकवीस चौकटींतही सगळीकडे १ नव्हता, आणि त्याविषयी तो आजपर्यंत फारसे बोललेला नाही. मीही विचारत नाही.

नाशिक जिल्हा, वय ४१, शिक्षिका

मी दहावीला विज्ञान शिकवते. 'अलैंगिक प्रजनन' हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते, अमीबाचे द्विविभाजन काढून दाखवते, आणि तोच 'अलैंगिक' शब्द स्वतःसाठी वापरायचा म्हटले की हात अडखळतो. मला शरीरसंबंधाची इच्छा कधीही झालेली नाही. मी आजारी नाही, मला कोणी दुखावलेले नाही, आणि माझ्यात माया कमी आहे असेही नाही. एका माणसावर माझा जीव जडला होता. त्याच्या पत्राची मी दिवसदिवस वाट पाहत असे. त्याला लग्न आणि त्याबरोबर येणारे सर्व काही हवे होते, मला केवळ त्याच्या शेजारी बसून म्हातारे व्हायचे होते.

अमेरिकन लैंगिक संशोधक अल्फ्रेड किन्से यांच्या १९४८ च्या ग्रंथातील ० (केवळ भिन्नलिंगी) ते ६ (केवळ समलिंगी) या मोजपट्टीविषयी पुष्कळ जण बोलतात, पण ज्यांना असा प्रतिसाद नव्हताच अशांसाठी त्यांनी 'एक्स' हा वेगळा गट ठेवला होता, हे मला फार उशिरा कळले. मोजपट्टीच्या बाहेर का होईना, माझी नोंद होती, या विचाराने मी त्या रात्री रडले. 'असेक्शुअल' म्हणवणारी माणसे २००१ नंतर संकेतस्थळावर एकत्र येऊ लागली आणि त्यांनी प्रेमाची ओढ व शरीराची ओढ वेगळी मोजायला शिकवले. माझ्या मते मराठीला हा भेद आधीपासून ठाऊक आहे. जीव जडणे, मन बसणे, लळा लागणे आणि वासना हे शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही.

*(या अनुभवानंतर दोघींनी केवळ 'मीही' एवढेच लिहून पाठवले. त्यांचे गाव व वय त्यांच्याच इच्छेने देत नाही.)*

सांगली, वय ६६, निवृत्त

माझ्या तरुणपणी माझ्यासाठी होत्या त्या फक्त शिव्या, आणि त्या येथे लिहिण्याची गरज नाही. पुण्यातील एका ग्रंथालयात र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक प्रश्नांवरील मासिकाचे जुने अंक हाती आले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ते चालवले. त्यांतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. माझ्या जन्माच्या आधीच कोणीतरी हे प्रश्न मराठीत विचारले होते आणि कोणीतरी शिवी न देता उत्तर दिले होते, हे पाहून मला जो आधार मिळाला तो अजून पुरतो. 'समलिंगी' हा शब्द मी मोठ्याने प्रथम उच्चारला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी ऐकून, घरात एकटा असताना.

मुंबई, वय ५०, आरोग्य कार्यकर्ता

एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात आमच्या नोंदवहीत रकाना असे, 'एमएसएम', म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. मला तो शब्द प्रथम फार कोरडा वाटला. नंतर कळले की त्याचा कोरडेपणाच कामाचा होता, कारण त्यात 'तुम्ही कोण आहात' हे विचारलेले नाही, केवळ काय करता एवढेच विचारलेले आहे. रेल्वे स्थानकांजवळ भेटणारे कितीतरी जण विवाहित होते आणि स्वतःला गे म्हणत नव्हते, ते म्हणत, "मी तसला नाही, ही फक्त मस्ती." त्यांना शब्द चिकटवायला गेलो असतो तर ते पुन्हा आले नसते आणि निरोधही त्यांच्यापर्यंत पोहोचला नसता.

मात्र त्याच वस्तीतील मंडळींचे आपसातले शब्द अगदी नेमके होते. बायकी वागणारा तो कोती, त्याचा पुरुषी जोडीदार पंथी, आणि दोन्ही भूमिका घेणारा डबल डेकर. इंग्रजी शिकलेले 'गे' या शब्दाने ज्याच्याकडे ओढ आहे त्याचे लिंग सांगतात, आणि हे लोक संबंधातील भूमिका सांगतात. एकाचे भाषांतर दुसऱ्यात होत नाही. एका पंथीने मला अनेकदा ठामपणे सांगितले की तो समलिंगी नाही, कारण त्याची जोडीदार 'ती' आहे. मी त्याला खोटा ठरवले नाही. त्याने वर्गवारी केली होती, फक्त माझ्या रकान्याप्रमाणे केली नव्हती.

मेलबर्न, वय २९

मी स्वतःला 'क्वीअर', म्हणजे रूढ चौकटीत न बसणारी, एवढेच म्हणते, कारण अधिक सांगण्याची माझी इच्छा नसते. आईशी मराठीत बोलताना मात्र हा शब्द गळून पडतो आणि मी नुसती 'माझी जोडीदार' म्हणते. 'माझी' या एका शब्दातच सगळे येते.

सातारा, वय ५८, आई

मुलाने फोनवर सांगितले, "आई, मी गे आहे." मी जात्यावरच्या ओव्या ऐकत मोठी झालेली बाई. 'गे' म्हणजे बाईला घातलेली हाक, 'गे सखे', 'गे माय'. तो मला हाक मारतो आहे असे वाटून मी "बोल ना" म्हणाले. दुसऱ्या बाजूला तो बराच वेळ गप्प होता. त्याने सहा महिने धीर गोळा करून म्हटलेले वाक्य मला पोहोचलेच नव्हते, आणि त्याला ते पुन्हा म्हणावे लागले, हे आठवले की अजून पोटात कालवते.

त्यानंतर त्याने मला सगळे शब्द समजावून सांगितले, मी ते वहीत लिहून घेतले. समलिंगी, उभयकामी, असेक्शुअल, डेमिसेक्शुअल म्हणजे आधी मन जुळल्याशिवाय ज्याला शरीराची ओढ वाटत नाही तो. हा शेवटचा वाचून मी त्याला म्हणाले की आमच्या पिढीतील कितीतरी बायका अशाच असतील, आम्हाला कोणी विचारले नाही. वही अजून देवघराशेजारच्या फळीवर आहे. परंतु गेल्या महिन्यात बहिणीने त्याच्या लग्नाचा विषय काढला तेव्हा त्यांतला एकही शब्द मी वापरला नाही. "त्याला मुलगेच आवडतात," असे म्हणाले. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग कोणी आहे का?"