मदत हवी आहे: पुरात आठ-दहा दिवस घरातच अडकलो तर साठा किती आणि कसला करावा? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. नागाळा पार्कात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तळमजल्यावर पार्किंग, त्याखाली सोसायटीची जमिनीतली टाकी, गच्चीवर आमची स्वतंत्र १००० लिटरची टाकी. घरात पाच जण: आम्ही दोघं, सासू-सासरे (सासऱ्यांना इन्सुलिन आणि बीपीची गोळी चालू), आणि १४ महिन्यांची मुलगी. दोन गॅस सिलिंडर, १५० एएचची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आणि आरओ आहे.

२०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर पाणी घरात शिरणार नाही, पण खाली उतरता येणार नाही. मे अखेरपर्यंत खरेदी उरकायची आहे. नेटवरच्या याद्यांमध्ये डबाबंद बीन्स आणि टूना मासा आहे. आमच्याकडे ते कुणीही तोंडाला लावणार नाही. दहा दिवसांचा हिशेब कसा करायचा? आणि पावसाळ्यात हे सगळं टिकवायचं कसं?

मिरचीकांडप

धान्य संपलं म्हणून कुणाचं अडत नाही. अडतं ते पीठ, दूध आणि पाणी.

चार मोठी माणसं धरा. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, म्हणजे दहा दिवसांचं १६ किलो. त्यात तांदूळ ७, पीठ ६, पोहे दीड, रवा दीड. डाळी आणि कडधान्यं मिळून साडेतीन किलो (तूर दीड, मूगडाळ एक, मटकी एक), तेल २ लिटर, साखर दीड किलो, गूळ १, शेंगदाणे १, मीठ १ किलो, चहा पाव किलो. मुलीसाठी नाचणीसत्त्व अर्धा किलो आणि मूगडाळ-तांदळाची भाजून केलेली भरड. याशिवाय चूल न पेटवता खाता येईल असं काहीतरी हवंच: भडंग, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कडक भाकरी. कडक भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर सहज राहते. वर गरम आमटी ओतली की जेवण झालं.

आता पीठ. लोक पोतंभर गहू-ज्वारी भरून निश्चिंत होतात, पण वीज गेली की गिरणी बंद. त्यामुळे जुलै-ऑगस्टात घरातलं दळलेलं पीठ पाच-सहा किलोच्या खाली जाऊ द्यायचंच नाही. गव्हाचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर चालतं. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) पावसाळी हवेत पंधरवड्यात जाते, मग भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं तर आठवड्यातच कडू होतं, ते साठ्यात धरूच नका.

धान्य मेच्या उन्हात दोन दिवस वाळवा, पण ऊन-ऊन डब्यात भरू नका. गरम धान्याला आतल्या आत घाम सुटतो, झाकणाखाली पाणी धरतं आणि महिन्याभरात बुरशीचा वास येतो. रात्रभर सावलीत निवू द्या, सकाळी भरा. डबे फरशीवर नको, पाटावर ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घाला, ओलसर पाल्यानेच कीड लागते. बोरिक पावडर नको. आणि कुणी सेल्फॉसची गोळी पोत्यात टाका म्हणालं तर ऐकू नका. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून विषारी वायू सुटतो. बंद घरात त्याने माणसं दगावतात.

भाजीला कांदा ५ किलो, बटाटा ४ किलो (दोन्ही वेगळ्या टोपल्यांत, एकत्र ठेवले की बटाट्याला लवकर कोंब येतात), न कापलेला लाल भोपळा, सुरण. ताजं काही हवं तर मटकीला मोड आणा. आंबटाला आमसूल आणि चिंच पुरते, टोमॅटोवर विसंबू नका.

रस्सामंडळ

आणि तांबडा-पांढरा? दहा दिवस बिनरश्श्याचे कोल्हापुरात?

(सुकट-बोंबील खाणारे असाल तर कोरडे भाजून बरणीत भरा. वास बाहेर येऊ नये इतकं झाकण घट्ट हवं, नाहीतर मुंग्या आधी जेवतात.)

नळवाला

वरची यादी बरोबर आहे, पण पाण्याशिवाय ती कोरडीच.

पुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडतो कारण नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात जातात. शिंगणापूरच्या पंपांचं तेच झालं. आता काळम्मावाडी धरणावरून थेट पाईपलाईन आहे, पण तिच्या पंपांनाही वीज लागतेच. म्हणून नळ येईल असं गृहीत धरू नका.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर. पाच जण, दहा दिवस, २०० लिटर. म्हणजे २० लिटरचे दहा जार, किंवा पिंपं-कळश्या मिळून तेवढं. रंगाचे किंवा रसायनांचे जुने ड्रम घेऊ नका, कितीही धुतले तरी. तेलाचे पाच लिटरचे कॅन वापरण्याच्या पाण्याला ठीक, पिण्याला नाही. तेलाचा अंश राहतो आणि खवट वास पाण्याला लागतो.

वापरायचं पाणी धरून माणशी १५ लिटर म्हटलं तर दहा दिवसांचे ७५० लिटर होतात. तुमची गच्चीवरची टाकी पुरली पाहिजे. ती संपते फ्लशने. पाच माणसं, दिवसाला प्रत्येकी पाच वेळा, दर वेळी १० लिटर, झाले २५० लिटर. चार दिवसांत टाकी कोरडी. फ्लशच्या टाकीचा कॉक पहिल्याच दिवशी बंद करा आणि अर्धी बादली वापरा. धुणं बंद. भांडी वाचवायला पत्रावळ्या आणि द्रोण २०० तरी आणून ठेवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी संडासाला.

सगळ्यात घोळ होतो जमिनीतल्या टाकीचा. पुराचं पाणी झाकणातून आणि हवेच्या नळीतून आत शिरतं, सोबत गटार. नंतर वीज आली की कुणीतरी सवयीने पंप चालू करतं आणि तेच पाणी वर चढतं. म्हणून नदी इशारा पातळीला आली की गच्चीची टाकी काठोकाठ भरा, पंपाचा मेन स्विच बंद करा, त्यावर चिठ्ठी चिकटवा आणि टाकीकडे येणारा व्हॉल्व्ह फिरवून ठेवा. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगा, नाहीतर तोच भल्या पहाटे चालू करेल.

पंचगंगाकाठ

मिरचीकांडप, नळवाला, मनापासून आभार. पंपाचा विचार आम्ही केलाच नव्हता.

पाणी शुद्ध कसं करायचं? आरओ इन्व्हर्टरवर चालवला तर? आणि दुधाचं कुणी सांगितलं नाही.

नळवाला

आरओ विसरा. त्याला वीज आणि दाब दोन्ही लागतात, शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं. टाकीत मोजकं पाणी असताना ती उधळपट्टी आहे. कँडलचा साधा स्टीलचा फिल्टर आणा.

गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवा, तास-दोन तास निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पुढे उकळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीन: वास किंवा रंग नसलेलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. शेवटी क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा आणि पुन्हा अर्धा तास. कपड्यांसाठीचं सुगंधी ब्लीच चालत नाही. गोळ्या घेतल्या तर पाकिटावर किती लिटरची गोळी आहे ते वाचा. एक लिटरची आणि वीस लिटरची, दोन्ही दुकानात शेजारी शेजारी असतात.

सायसाखर

दूध: २०१९ ला संकलनच थांबलं होतं, तेव्हा पिशवीच्या दुधाचा भरवसा नको. मुलीसाठी टेट्रापॅक घ्या. न फोडलेला पॅक फ्रीजशिवाय तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकतो, तारीख बघून घ्या. पण फोडला की तो साधं दूध होतो, फ्रीज नसताना काही तासांत संपवावा लागतो. म्हणून लिटरचे नको, २०० मिलीचे घ्या. रोज दोन धरले तर वीस.

मोठ्यांच्या चहाला पावडर. १२५ ग्रॅमला साधारण एक लिटर, रोज एक लिटर धरलं तर सव्वा किलो. चहाची व्हाइटनर पावडर मुलीला देऊ नका, तिच्यात साखर असते. पाव-पाव किलोची पाकिटं घ्या. दमट हवेत उघड्या पाकिटाचा दोन दिवसांत दगड होतो.

औषधपेटी

सासऱ्यांचं इन्सुलिन हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो मागे पडलाय.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. चालू असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. ऑगस्टात पाऊस लागलेला असताना कोल्हापुरात घरातलं तापमान क्वचितच त्याच्यावर जातं. त्यामुळे वीज गेली म्हणून घाबरून बर्फात घालू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी, वितळल्यावर दिसायला जसंच्या तसं असलं तरी. वीज गेली त्या दिवसाची तारीख खोक्यावर लिहा, अंधाऱ्या कपाटात ठेवा. ओल्या वाळूतलं दुहेरी मडकं उन्हाळ्यात छान काम करतं. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने पाणी उडत नाही आणि मडकं फारसं गार होत नाही.

१ जूनपासून सगळी औषधं कायम ३० दिवस पुढची घरात. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि त्याची जादा बॅटरी. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमटपणाने आकडे चुकतात. ओआरएसची १५-२० पाकिटं, मुलीच्या तापाचं औषध तिच्या आताच्या वजनाचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेऊन. ओआरएस संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ हात सैल सोडून घालू नका.

पुराच्या पाण्यात उतरावं लागलं तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ऐनवेळी फोन लागत नाही.

वायरमन

इन्व्हर्टरचं गणित बघा. १५० एएच, १२ व्होल्ट, कागदावर १८०० वॉट-तास. प्रत्यक्षात १२०० धरा. दोन ९ वॉटचे दिवे पाच तास, ९० वॉट-तास. तीन फोन मिळून ४०-५०. म्हणजे आठ दिवस निघायला हवेत. निघत नाहीत, कारण इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी १०-१५ वॉट स्वतःच खातो. चोवीस तासांत ३०० च्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिट्टी. संध्याकाळी चालू करा, फोन त्याच वेळात लावा, झोपताना पुढचं बटण दाबून पूर्ण बंद. पंखा आणि टीव्ही नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर जूनमध्येच भरून घ्या.

पॉवरबँक २०,००० एमएएचचा म्हणतात, पण फोनपर्यंत साधारण १२,००० पोचतात.

गॅस: भरलेलं सिलिंडर पाच माणसांना महिनाभर जातं, तेव्हा दुसरं कायम भरलेलं असलं की झालं. तळमजल्यावर कुणाचं सिलिंडर असेल तर वर आणा. भरलेलं सिलिंडरही पाण्यावर तरंगतं, आपटतं आणि वाहून जातं.

आंबेवाडीकर

सगळं ठीक, पण एक विचारतो. इन्सुलिनवर असलेलं माणूस आणि दीड वर्षाच्या आतलं मूल घरात असताना दहा दिवस थांबायचंच कशाला? राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ धोका. मच्छिंद्री झाली (पुराचं पाणी पुलाच्या कमानींपर्यंत चढलं) की सगळा गाव पूल बघायला जातो आणि सामान आवरायचं राहून जातं. ३९ ला सासू-सासरे आणि मुलगी उंच भागातल्या नातेवाइकांकडे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की गावाबाहेरचे रस्तेही गेले.

नळवाला

सहमत, एक भर घालून. नुसता फुटांचा आकडा बघू नका, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडलेत ते बघा. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एकेकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी). चार-पाच उघडे आणि वर पाऊस चालूच, तर ४१ फुटांवर थांबेल या आशेत राहू नये. साठा मात्र तरीही लागतो. ते तिघं जातील त्या घरी तीन माणसं वाढतात आणि पाणी तिथलंही बंदच असतं.

पंचगंगाकाठ

पटलं. ३९ ला ते तिघं मावससासूंकडे, इन्सुलिनची पिशवी आणि टेट्रापॅक सोबत. अर्धा साठा आधीच तिकडे ठेवतो.

दोन शेवटचे प्रश्न. पूर ओसरल्यावर जमिनीतली टाकी कशी साफ करायची? आणि पूर आलाच नाही तर या सगळ्याचं काय करू?

नळवाला

टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती ब्रशने घासा, एकदा धुऊन तेही पाणी काढा. मग भरून १००० लिटरला २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, निवळलेलं पाणी ओतायचं. १२ तास ठेवा. त्यातलंच थोडं नळांतून सोडा म्हणजे पाईपही धुतले जातात. सगळं काढून टाका, नव्याने भरा. पावडर उघड्या पिशवीतली घेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो. आणि तिच्या आसपास संडासाचं ॲसिड वापरू नका, दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू होतो. घासायला माणूस आत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि वर दुसरा माणूस हवाच.

मिरचीकांडप

गौरी-गणपतीपर्यंत वाट बघा. नंतर दूध पावडर पेढ्यांना, रवा-साखर प्रसादाच्या शिऱ्याला, पोहे आणि शेंगदाणे दिवाळीच्या चिवड्याला. टेट्रापॅक रोजच्या वापरात घ्या. तांदूळ-डाळ तर तुमचीच नेहमीची, मागचा डबा पुढे आणत जायचं. पत्रावळ्या हळदी-कुंकवाला संपतात.