प्ल्यात्स्कोव्स्कीची बालगीतं: 20 मिनिटांत मुलांना काय ऐकवावं?

टिपकागद: आमच्या वाचनकट्ट्यावर 8 ते 11 वयाची मुलं येतात. त्यांना मिखाइल प्ल्यात्स्कोव्स्की या बालकवी-गीतकाराची ओळख करून द्यायची आहे. वेळ 20 मिनिटं, खर्च 500 रुपयांच्या आत. पडदा-प्रोजेक्टर नाही, फक्त स्पीकर. रशियन कुणालाच येत नाही. चरित्र किती सांगू? गाणं कुठलं घेऊ?

मुंबैकर: 'उलीब्का', म्हणजे हसू. दुसरा विचारच नको. 1974च्या 'क्रोश्का येनोत' या अ‍ॅनिमेशनपटातलं गाणं, संगीत व्लादीमिर शाइन्स्कीचं, आवाज क्लारा रुम्यानोवाचा. पण फिल्म दाखवल्याशिवाय मजा नाही. तळ्यात 'कुणीतरी' बसलंय म्हणून रॅकूनचं पिल्लू घाबरतं, काठी उगारतं, तर पाण्यातलंही काठी उगारतं. आई म्हणते, हसून बघ. हे आधी कळलं की गाणं आपोआप कळतं. प्रोजेक्टर भाड्याने आणा.

झाडपाला: चरित्राला तीन मिनिटं पुरेत. जन्म 1935, येनाकियेवो, दोनबासमधलं खाण-कारखान्यांचं गाव, आज युक्रेनच्या नकाशात. 1961 साली मॉस्कोच्या गॉर्की साहित्य संस्थेतून पदवी. मृत्यू 1991, मॉस्को. 'रशियन कवी' म्हणण्यापेक्षा 'रशियन भाषेत लिहिणारा सोव्हिएत कवी' म्हणा. एखादं मूल नकाशा उघडून विचारेलच.

रेकॉर्डवाला: मोबाइलवरून ऐकवू नका. मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांवरचा आवाज वेगळाच. माझ्याकडे आहेत. चांगला टर्नटेबल काही हजारांत येतो, घेऊनच टाका, पुढेही उपयोगी पडेल.

टिपकागद: 500 रुपये म्हटलं होतं.

अनुस्वार: 'उलीब्का' मराठीत गाऊन घ्यायचं असेल तर आधी अक्षरं मोजा. कडव्याच्या ओळी 9-12-9-12 अक्षरांच्या. ध्रुवपद 7-7-12, 7-7-12. ध्रुवपदातल्या चारही छोट्या ओळींचा शेवट 'का' वर: नव्येर्न्याका, अब्लाका, रुचेयका, रेका. तिथेच गाण्याची उडी आहे. शब्दशः भाषांतर केलं की नदी, ढग, ओढा शेवटी येतात आणि यमक कोसळतं. मराठीत 'झरा' ओळीच्या टोकाला ठेवा, मग जरा, खरा, बरा मिळतात. 9 अक्षरांच्या ओळीचं शेवटचं अक्षर दीर्घच हवं, कारण सूर तिथे थांबतो. ऱ्हस्व ठेवलं तर मुलं ते ओढतात आणि शब्द विचित्र ऐकू येतो.

रानजाई: एक काळजी घ्या. इंटरनेटवर शाइन्स्कीची सगळी गाणी एकाच गीतकाराच्या नावावर खपवलेली दिसतात. 'निळा डबा' (रेल्वेचा) एदुआर्द उस्पेन्स्कीचं. कार्टूनमधल्या मगर गेनाचं वाढदिवसाचं गाणं अलेक्सांद्र तिमोफेयेव्स्कीचं. 'एकत्र चालायला मजा' मातुसोव्स्कीचं. प्ल्यात्स्कोव्स्कीची खात्रीची घ्या: 'उलीब्का', 'दोन दुणे चार', 'शाळेत काय शिकवतात' (तिन्ही शाइन्स्कीबरोबर), 'खरा मित्र' आणि कार्टूनमधल्या लिओपोल्ड मांजराचं 'तू जर चांगला असशील' (दोन्ही बोरिस सावेल्येवबरोबर), 'कुत्र्यांना डिवचू नका' (येव्गेनी प्तिच्किन). शाइन्स्कीच्या पलीकडे त्याचं इतकं काम आहे, हे लोक विसरतात आणि ते खटकतं.

मुंबैकर: यादी छान, पण सुरुवात 'उलीब्का'नेच. चाल शाइन्स्कीची आहे म्हणून तर ते टिकलं.

रानजाई: चालीला श्रेय द्याच. पण हसू वाटलं की परत येतं, आणि ओढ्यापासून नदी सुरू होते तशी हसण्यापासून मैत्री, ही मांडणी कवीची. ती इतक्या मोजक्या अक्षरांत बसवणं सोपं नाही.

झाडपाला: मोठ्यांसाठीही लिहिलंय त्याने. 'तुला टुंड्रात घेऊन जाईन' त्याचंच, संगीत मार्क फ्रादकिनचं, नानाय जमातीच्या गायक कोला बेल्दीने गाजवलं. हेही ऐकवा.

पानोपानी: गाणी बाजूला ठेवा, गोष्टी वाचा. 'सोल्निश्को ना पाम्यात' या पुस्तकात प्राण्यांच्या छोट्या गोष्टी आहेत, चित्रं व्लादीमिर सुतेयेवची. एक गोष्ट वाचायला फार तर तीन मिनिटं लागतात. सुतेयेवच्या चित्रांचीच आवृत्ती घ्या, छपाईला पैसे गेले तरी चालतील.

कायदेपंडित: छपाईवरून आठवलं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणजे इथे 2051 अखेरपर्यंत. तिकीट न लावता हौशी मंडळाने गाणं म्हणण्याला सूट आहे, पण गाण्याचं भाषांतर छापून वाटायला परवानगी लागते. शाइन्स्की 2017 साली गेला, त्याच्या संगीताचा हक्क वेगळा. फळ्यावर दोन ओळी लिहा, पत्रकं नकोत.

मुंबैकर: फळ्यावर 'उलीब्का' लिहाल तेव्हा उच्चार 'उलीप्का' सांगा. क च्या आधी ब कठोर होतो.

टिपकागद: सगळ्यांचे आभार. 'उलीब्का' घेत नाहीये. 'शाळेत काय शिकवतात' घेते. त्यात शाळेतल्या कामांची यादीच आहे: बारीक टाकाने वहीत अक्षरं काढणं, वजाबाकी, गुणाकार, धाकट्यांना त्रास न देणं. प्रत्येक काम हाताने करून दाखवता येतं, भाषांतर लागत नाही. आणि 'ऊचत् फ्श्कोल्ये' (शाळेत शिकवतात) हे तीनदा येणारं पालुपद मुलं पहिल्याच फेरीत पकडतील. 3 मिनिटं चरित्र, दोनदा ऐकणं, मग ओळीओळीने कृती. छपाई नाही, प्रोजेक्टर नाही. पानोपानी, सुतेयेवचं पुस्तक पुढच्या वेळी.

अनुस्वार: मग दुसऱ्या फेरीत पालुपद टाळीवर घ्या. टाळी 'ऊ' वर आणि 'श्को' वर. 'फ्श्क' ही तीनही व्यंजनं एका झटक्यात म्हणायची. मध्ये 'अ' घुसला तर एक अक्षर वाढतं आणि मुलं चालीच्या मागे पडतात. गाण्याआधी नुसतं बोलून घ्या, चार-पाच वेळा, हळू ते जलद.

मुंबैकर: ठीक. तरी शेवटची दोन मिनिटं उरली तर 'उलीब्का' लावाच.