‘नेट सेंड’ गेले, आता दुकानातून गोदामात निरोप कसा पाठवावा?

हळदवाला (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. कचेरी, वजनकाटा आणि मागचे गोदाम येथील तीन संगणक एकाच नेटवर्क स्विचला तारेने जोडलेले आहेत. सौदा सुरू असताना कोणाची किती पोती कोणत्या खरेदीदाराच्या गाडीत भरायची, हे गोदामातील माणसाला तत्काळ कळवावे लागते. पण हमालांच्या गलबल्यात त्याला फोन ऐकू येत नाही आणि पावसाळ्यात इंटरनेट गेले की व्हॉट्सॲपही निरुपयोगी ठरते. वडील दुकान पाहत असताना विंडोज एक्सपीवर ‘नेट सेंड’ ही आज्ञा दिली की गोदामातील पडद्यावर निरोपाची चौकट उमटत असे. आता सर्वत्र विंडोज १० आहे आणि ती आज्ञा ओळखलीच जात नाही. निरोप पाठवण्याची ‘एमएसजी’ ही दुसरी आज्ञा वापरून पाहिली, तर गोदामासाठी ‘एरर ५ गेटिंग सेशन नेम्स’ असे उत्तर येते, आणि काट्यावरच्या संगणकात ती आज्ञाच सापडत नाही. यावर उपाय कोणता?

कृष्णाकाठ यांचे उत्तर

‘नेट सेंड’ परत आणण्याचा नाद सोडावा. ती आज्ञा विंडोजच्या ‘मेसेंजर’ नावाच्या सेवेवर चालत असे (त्याच नावाच्या गप्पांच्या सॉफ्टवेअरशी तिचा काही संबंध नव्हता). इंटरनेटला थेट जोडलेल्या संगणकांवर जाहिरातदार याच सेवेतून नको त्या चौकटी पाठवू लागले, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तिच्यातील एक गंभीर सुरक्षादोषही जाहीर झाला. त्यामुळे २००४ मधील एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती मुळातच बंद ठेवण्यात आली आणि व्हिस्टापासून काढूनच टाकली गेली. काट्यावरच्या संगणकात बहुधा विंडोजची होम (घरगुती वापराची) आवृत्ती असावी. तिच्यात ‘एमएसजी’ दिलेलेच नसते.

साताऱ्याचा तंत्रज्ञ यांचे उत्तर

वरील माहिती बरोबर आहे. आपला ‘एरर ५’ म्हणजे परवानगी नाकारली गेली, असा अर्थ आहे. संगणक सापडलाच नसता किंवा फायरवॉलने (नेटवर्कवरून येणारे नको ते संपर्क अडवणाऱ्या सोयीने) अडवले असते, तर सहसा १७२२ हा आकडा दिसला असता. म्हणजे तार, स्विच आणि यंत्राचे नाव यांत दोष नाही.

गोदामातील संगणकावर रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा साठा) उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर या क्रमाने जावे आणि तेथील ‘अलाउ रिमोट आरपीसी’ या नोंदीचे मूल्य ० असल्यास १ करून संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर कचेरीत ज्या नावाने आणि पासवर्डने आपण प्रवेश करता, त्याच नावाचे आणि पासवर्डचे खाते गोदामातही असावे. बहुतेक जण येथेच अडकतात, कारण दुकानातील संगणकाला पासवर्ड कशाला, असे म्हणून तो रिकामा ठेवलेला असतो, आणि रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून प्रवेशच देत नाही.

आज्ञेचा साचा असा (टंकताना अर्थातच रोमन अक्षरे): एमएसजी /सर्व्हर:गोदाम * निरोप. यात ‘गोदाम’च्या जागी त्या संगणकाचे नाव लिहावे; * म्हणजे त्यावर काम करणारे सर्व जण. वेळ सांगितली नाही, तर चौकट ६० सेकंदांत नाहीशी होते; पोती उचलण्यात गुंतलेल्या माणसाला एवढा वेळ पुरणार नाही, म्हणून /टाइम: यापुढे ६०० सारखा आकडा द्यावा. सोबत /डब्ल्यू आणि /व्ही जोडल्यास समोरच्याने ‘ओके’ दाबेपर्यंत आज्ञा थांबून राहते आणि निरोप पाहिला गेला, हे आपल्याला कळते. आपल्या कामात माझ्या मते हीच खरी गरज आहे, कारण पाठवलेला निरोप न वाचताच गाडी भरली गेली, तर निस्तरायचे शेवटी आपल्यालाच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे सारे आतल्या नेटवर्कपुरतेच ठेवावे. या आज्ञेला लागणारा ४४५ हा पोर्ट (नेटवर्कवरून संगणकात येण्याचा क्रमांकित मार्ग) राउटरवर बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये.

हळदवाला (सांगली)

आपले निदान अचूक ठरले. गोदामातील खात्याला पासवर्डच नव्हता. तो ठेवला, रजिस्ट्रीतील ० चा १ केला आणि पहिलाच निरोप पोहोचला. गोदामातील आमचा माणूस ‘ओके’ दाबण्याऐवजी नेहमीप्रमाणे धावत कचेरीत विचारायला आला, ती गोष्ट वेगळी. आता प्रश्न उरला काट्यावरच्या होम आवृत्तीचा. दुसऱ्या संगणकातून ‘एमएसजी’ची फाइल उचलून तेथे ठेवली तर चालेल का?

कृष्णाकाठ यांचे उत्तर

तसे करू नये. त्याऐवजी तिन्ही संगणकांवर ‘आयपी मेसेंजर’ हे मोफत जपानी सॉफ्टवेअर बसवावे. त्याला सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही; फायरवॉलमध्ये २४२५ क्रमांकाचा पोर्ट आतल्या नेटवर्कसाठी मोकळा ठेवला की संगणक एकमेकांना आपोआप दिसू लागतात. त्यात निरोप बंद पाकिटासारखा पाठवता येतो आणि समोरच्याने तो उघडताच पाठवणाऱ्याला सूचना मिळते. गोदामातील माणसाला रोमन अक्षरांतल्या आज्ञा शिकवण्यापेक्षा हे पाकीट उघडायला शिकवणे सोपे जाईल. ‘एमएसजी’ची सोय मात्र काढू नये, एखाद्या दिवशी ते सॉफ्टवेअर सुरू करायचे राहून गेले, तर कचेरीतून गोदामापर्यंत तीच उपयोगी पडेल.